लय पायातून हाताकडे गेली तेव्हा

जाझ ऐकणारी मंडळी जमली की बोलणं ट्रम्पेट नाहीतर सॅक्सोफोनवरच जातं, ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस असा होता आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन तसा होता, आणि मला दरवेळी वाटतं की अरे त्यांच्या मागे बसून जो माणूस सगळं पेलतोय त्याच्याबद्दल बोला ना कोणीतरी. जाझ जेव्हा जेव्हा मुळापासून बदललं तेव्हा जवळजवळ दरवेळी ड्रमरचा एखादा हात किंवा पाय आधी मोकळा झालेला दिसतो, निदान मी तरी हा सगळा इतिहास असाच ऐकतो.

ड्रमरला चार अवयव आहेत. उजवा पाय बेस ड्रमच्या पेडलवर, डावा पाय हाय-हॅटवर म्हणजे त्या दोन सिंबल (झांजा) एकमेकांवर मिटतात त्यावर, डावा हात स्नेअरवर म्हणजे समोरच्या करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर, उजवा हात मोठ्या राइड सिंबलवर. आता प्रश्न एवढाच की या चौघांपैकी लय कोणी धरायची आणि बोलायचं कोणी. ज्याच्याकडे लय सोपवली तो अडकला, त्याला बाकी काही करता येत नाही. उरलेले मोकळे. मी एखादी रेकॉर्ड आवडली की ती अशीच ऐकतो, एकदा फक्त डाव्या पायाच्या मागे कान लावायचा, मग परत पहिल्यापासून फक्त उजवा हात, मग नुसता बेस ड्रम. वेळ लागतो पण यासारखा आनंद नाही, कारण तीच रेकॉर्ड चार वेगवेगळ्या माणसांनी वाजवल्यासारखी ऐकू येते.

मुळात ड्रमसेट हे काही फार जुनं वाद्य नाही. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या ब्रास बँडमधे बेस ड्रम एकाकडे आणि स्नेअर दुसऱ्याकडे असायचा. नाचाच्या हॉलमधे तेवढी जागा नाही, तेवढ्या माणसांना द्यायला पैसे नाहीत, म्हणून एकानेच बसून दोन्ही वाजवायची पद्धत सुरू झाली, आणि १९०९ मधे विल्यम लुडविगने पायाने बेस ड्रम वाजवायचं चांगलं पेडल बाजारात आणलं तेव्हा ते काम खऱ्या अर्थाने सोपं झालं. बेबी डॉड्स याच गावचा. मिसिसिपी नदीतल्या बोटींवर वाजवून तयार झालेला, आणि १९२३ मधे किंग ऑलिव्हरच्या बँडमधून रेकॉर्डिंगला गेला तेव्हा त्याच्या बाजूला तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. पण त्या रेकॉर्ड्सवर डॉड्स पुरता ऐकूच येत नाही! तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एका भोंग्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं आणि त्या हादऱ्यांनी सुई मेणात रेघ कोरणार, त्यात बेस ड्रम जोरात वाजला तर सुई उडायची, म्हणून त्याला लाकडी ठोकळ्यांवर नाहीतर ड्रमच्या कडेवर वाजवायला लावायचे. म्हणजे जाझच्या सुरुवातीच्या इतक्या महत्त्वाच्या ड्रमरचं खरं वाजवणं ऐकायला १९४६ पर्यंत थांबावं लागतं, तेव्हा त्याचं बोलणं आणि सोलो असं दोन्ही नीट रेकॉर्ड झालं. ते जरूर ऐका. प्रत्येक वादकाच्या मागे तो काहीतरी वेगळं वाजवायचा, क्लॅरिनेट आली की एक, ट्रम्बोन आला की दुसरं, म्हणजे साथ करताना ऐकायचं असतं हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

पण लय त्याच्या पायात होती. आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ती पायातच राहिली, स्विंगच्या जमान्यात तर बेस ड्रम बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनाच्या, चारही मात्रांवर सरळ पडायचा कारण हजारो लोक त्यावर नाचत होते आणि नाचणाऱ्याला पायाखाली जमीन लागते. जीन क्रुपा त्या काळातला मोठा स्टार, १६ जानेवारी १९३८ ला बेनी गुडमनच्या बँडबरोबर कार्नेगी हॉलमधे त्याने जे वाजवलं त्यानंतर ड्रमर हा मागे बसणारा माणूस राहिला नाही. पण माझ्या मते त्याच्याहून मोठा चिक वेब. पाठीच्या कण्याला लहानपणी क्षय झालेला, उंची अगदी कमी, पेडल त्याच्यासाठी खास बनवून घेतलेले, आणि हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूमचा तो राजा. १९३७ मधे तिथे गुडमनचा बँड त्याच्यासमोर उभा राहिला आणि वेबने त्यांना हरवलं, आणि क्रुपाने सगळ्यांसमोर त्याला वाकून नमस्कार केला. दोनच वर्षांनी वेब गेला, जेमतेम पस्तिशीचाही नव्हता. एला फिट्झजेराल्डला नावारूपाला आणणारा बँड हाच.

आता खरी गोष्ट सुरू होते ती कॅन्सस सिटीत, काउंट बेसीच्या बँडमधे, जो जोन्सपासून. लोक त्याला पापा जो म्हणायचे. त्याने काय केलं तर पायातली लय उचलली आणि हाय-हॅटवर आणून ठेवली, अर्धवट उघड्या सिंबल्सवर काठी चालतीये, श्श-त्-त-श्श असा सलग आवाज, मात्रेमात्रेला ठोका नाही तर एक वाहती रेघ. बेस ड्रम चालूच होता पण इतका हलका की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवायचा. आणि तो असं करू शकला कारण त्याच्याबरोबर वॉल्टर पेजचा बास होता आणि फ्रेडी ग्रीनचं गिटार, ते दोघे चार मात्रा इतक्या नीट चालवत होते की ड्रमरने पुन्हा तेच पायाने आपटायची गरज उरली नव्हती. मला यातलं हे फार आवडतं की एक माणूस हलका झाला कारण शेजारच्या दोघांवर त्याचा विश्वास होता. बेसीचा बँड कधीही ऐका, एवढी माणसं वाजवतायत पण ओझं कुठेच वाटत नाही.

त्यानंतर केनी क्लार्क. हा माझ्या लेखी सगळ्यात मोठं वळण, आणि त्याचं नाव सर्वसाधारण ऐकणाऱ्याला माहीतही नसतं. टेडी हिलच्या बँडमधे असताना गाणी इतकी जलद घ्यायचे की पाय दुखून यायचा, चार मात्रा पायाने चालवणं अशक्य व्हायला लागलं, तेव्हा त्याने लय सरळ वरच्या राइड सिंबलवर नेली, उजव्या हातात, आणि पाय रिकामा झाला. मग त्या रिकाम्या पायाने काय करायचं? तर मधेच, अनपेक्षित जागी, एकच जोरदार ठोका. ट्रम्पेटचं वाक्य संपतंय तिथे एक, पुढचं सुरू व्हायच्या आधी एक. महायुद्धाचे दिवस होते, लोक त्याला बॉम्ब टाकणं म्हणायला लागले. टेडी हिलला हे अजिबात आवडलं नव्हतं, त्याने क्लार्कला काढून टाकलं, आणि पुढे तोच हिल हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसचा मॅनेजर झाला तेव्हा त्यानेच क्लार्कला बोलावून तिथला बँड बांधायला सांगितलं. मग तिथे पियानोवाला थेलोनियस मंक आला, ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यायचा, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर यायचा, आणि रात्री उशिरा त्या छोट्या जागेत बीबॉप, म्हणजे जलद आणि गुंतागुंतीचं नवं जाझ, आकाराला आलं. बीबॉपबद्दल लिहिणारे पार्करच्या बोटांबद्दल लिहितात, कॉर्ड्सबद्दल लिहितात, सगळं बरोबरच आहे, पण पायात लय अडकलेल्या ड्रमरच्या पुढे पार्कर तसा वाजवूच शकला नसता असं मला अगदी मनापासून वाटतं. खालून दर मात्रेला ठोका पडत असेल तर वाक्य दर मात्रेला तुटतं. वर सिंबल झिमझिमत असेल तर वाक्य कुठेही सुरू करा, कुठेही संपवा.

क्लार्क १९५६ मधे पॅरिसला गेला आणि मग तिकडचाच झाला. त्याने उघडलेल्या दारातून आत आला मॅक्स रोच. १९४५ मधे पार्करने 'को-को' रेकॉर्ड केलं त्यावर रोच आहे, विशी नुकतीच पार केलेली, आणि तो वेग बघा, आजही ऐकताना घाम फुटतो. पण रोचची खरी कमाई वेग नाही. त्याने ड्रमला सूर ऐकणारं वाद्य केलं. तो ड्रम सुरात लावायचा, उंच आवाज, मधला आवाज, खालचा आवाज, आणि गाण्याची चाल ३२ बारची असेल तर त्याचा सोलोसुद्धा ३२ बारच्या चालीवर चालायचा, तुम्ही मनात गाणं गुणगुणत बसलात तर तो बरोबर त्या त्या वळणावर सापडतो. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' नावाची त्याची एक छोटी रचना आहे, १९६६ च्या अल्बमवर. त्यात दोन्ही पाय तीन मात्रांचा ठेका धरून बसलेत, पहिलीला बेस ड्रम आणि दुसरी-तिसरीला हाय-हॅट, सुरुवातीपासून तोच, आणि त्यावर दोन हात गोष्ट सांगतायत. वरचे हात भलतीकडे जातात, थांबतात, श्वास घेतात, खालचा ठेका जराही हलत नाही. ठेका आणि सोलो एकाच माणसाच्या अंगात, दोघांनाही एकमेकांचं भान. आपल्याकडे नगमा धरून तबला सोलो ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पहिल्याच आवर्तनात कळतं.

आणि रोचबद्दल बोलताना १९६० सोडून चालणार नाही. फेब्रुवारीत ग्रीन्सबरोला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले, आणि त्याच वर्षी रोचने 'वी इन्सिस्ट!' हा अल्बम केला, कव्हरवर तशाच काउंटरवर बसलेले तीन जण आणि पलीकडे गोरा वेटर. त्यात एक भाग आहे जिथे फक्त दोघं आहेत, ॲबी लिंकनचा आवाज आणि रोचचे ड्रम. बाकी कुणीच नाही. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. मधल्या भागात ती शब्द सोडून देते आणि चक्क किंचाळते, बराच वेळ, आणि रोच तिच्या किंचाळण्याला तोल देत राहतो, तो तिला झाकत नाही, सावरत नाही, तिच्या बरोबरीने जातो. मी हे एका दमात एकदाच ऐकू शकतो, लगेच परत नाही लावता येत. ज्यांना ड्रम म्हणजे गोंगाट वाटतो त्यांनी हे ऐकावं.

आर्ट ब्लेकी वेगळ्या मातीचा. त्याचा हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला असा खाडकन मिटतो की बँडमधल्या कोणालाही भटकायची सोय नाही, आणि सोलो वाजवणारा ढिला पडायला लागला की त्याच्या मागे स्नेअरवर एक लांबलचक घासता रोल येतो, हळू सुरू होऊन वर चढत जाणारा, की बाबा ऊठ, पुढे जा. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, पुढे विंटन मार्सालिस, सगळे त्याच्या जाझ मेसेंजर्समधे तयार झालेले. तीसेक वर्षं पोरं घडवली त्याने, तीही ड्रमवर बसून.

एक अगदी लहानशी गोष्ट मधेच सांगतो. माइल्सच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमवर पहिल्याच 'सो व्हॉट' मधे माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉब सिंबलवर एक ठोका मारतो. तो आवाज माइल्सच्या पहिल्या सुरांमागे कितीतरी वेळ लोंबकळत राहतो. कॉबला स्वतःला त्या वेळी वाटलं होतं की जरा जास्तच जोरात पडला. पण तो ठोका काढून टाकला तर ती रेकॉर्ड तशी सुरूच होणार नाही. कॉब २०२० मधे गेला, त्या रेकॉर्डवरचा शेवटचा जिवंत माणूस तोच होता.

आणि आता एल्विन जोन्स. इथे मला थोडी जास्त जागा लागणार आहे.

मिशिगनमधल्या पाँटिॲकचा, दहा भावंडांत सगळ्यात धाकटा, थोरला भाऊ हँक पियानोवर, मधला थॅड ट्रम्पेटवर, घरच संगीताचं. १९६० मधे तो कोल्ट्रेनच्या चौकडीत आला आणि १९६६ च्या सुरुवातीपर्यंत होता. वर मी जी एकेक अवयव ऐकायची पद्धत सांगितली ना, ती एल्विनपाशी येऊन बंद पडते. म्हणजे त्याचा नुसता उजवा हात ऐकलात तर सिंबलवरचा ठेका मधेच तुटल्यासारखा वाटतो, जोर नको तिथे. नुसता डावा हात ऐकलात तर स्नेअरवर काहीतरी अर्धवट बोल, वाक्य पुरं होत नाही. पाय तर कधीही कुठेही. पण चारही एकत्र ऐका, आणि एवढी गोल, एवढी पक्की लय की हात टेकवून उभं राहावं. कसं होतं हे? तो प्रत्येक मात्रेचे तीन भाग करतो, आणि ते तीन भाग एका अवयवाला न देता वाटून टाकतो, एक उजव्या हाताला, एक डाव्याला, एक पायाला, पुढच्या मात्रेला वाटणी वेगळी. तिघांपैकी कोणाकडेच पूर्ण लय नाही, ती फक्त ऐकणाऱ्याच्या कानात पूर्ण होते. इतकी वर्षं प्रश्न होता की लय कोणी धरायची, पायाने की हाताने, आणि एल्विनने तो प्रश्नच मोडीत काढला. मोठ्या पातेल्यातलं दूध एका जागी उकळत नाही, सगळ्या कडांनी एकदम वर येतं, तसं त्याचं वाजवणं वर येतं, आणि त्यात कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन.

'चेसिन द ट्रेन' ऐका, नोव्हेंबर १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. सोळा एक मिनिटं. मकॉय टायनरने पियानोवरून हात काढून घेतलेत, खाली बास चालू आहे, आणि दोन माणसं थेट एकमेकांच्या अंगावर वाजवतायत, कोणी कोणाची साथ करतंय हे सांगता येणार नाही. आणि मग ९ डिसेंबर १९६४, 'अ लव्ह सुप्रीम', रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका संध्याकाळी झालेलं. सुरुवात एल्विनच्या गाँगने होते. तिसरा भाग त्याच्या एकट्याच्या सोलोने उघडतो. आणि शेवटच्या भागात, जिथे कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्द न उच्चारता सॅक्सोफोनवर म्हणतो, तिथे ठेकाच नाही. एल्विन टिम्पनी वाजवतो, ते मोठे तांब्याचे ऑर्केस्ट्रातले नगारे, आणि सिंबलवर घुमता आवाज. ज्या माणसाकडे इतकी लय आहे त्याने ती अशी बाजूला ठेवणं, आणि तरी काहीही सुटं न होऊ देणं, याहून मोठी साथ मी ऐकलेली नाही. पुढे कोल्ट्रेनने दुसरा ड्रमर घेतला, रशीद अली, आणि त्या आवाजात एल्विनला नीट ऐकू येईना तेव्हा तो बाहेर पडला. ते मला पटतं. ऐकूच येत नसेल तर ड्रमरने करायचं काय?

इकडे एल्विन हे करत होता तेव्हाच बॉस्टनहून एक मुलगा न्यूयॉर्कला आला होता, टोनी विल्यम्स, आणि १९६३ मधे माइल्सने त्याला घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, दारू मिळणाऱ्या क्लबमधे कायद्याने बसायचंही वय नाही. एल्विनने लय वाटून टाकली, टोनीने ती ताणली. हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्याला मिटायचा हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, याने तो चारही मात्रांना मिटायला सुरुवात केली नाहीतर बंदच ठेवला. फेब्रुवारी १९६४ ची न्यूयॉर्कच्या फिलहार्मॉनिक हॉलमधली मैफल 'फोर अँड मोर' वर आहे, अठरा वर्षांचा पोरगा अख्ख्या बँडला पुढे ओढत नेतोय. आणि १९६७ चं 'नेफरटिटी' तर उलटंच, त्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, सोलो कोणीच घेत नाही, आणि सगळी गोष्ट घडते ती मागे, टोनीच्या ड्रमवर. म्हणजे जे साथीला होते ते पुढे आणि पुढचे साथीला. केनी क्लार्कचा पाय मोकळा झाल्यापासून हे येणारच होतं.

ड्रमर पॉल मोशनबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल खरंतर वेगळा लेख लिहायचाय. २५ जून १९६१, त्याच व्हिलेज व्हॅनगार्डमधे, बिल एव्हान्सचा पियानो, स्कॉट लाफारोचा बास आणि मोशनचे ब्रश, म्हणजे काठीऐवजी हातात धरायचे तारांचे झुपके. मागे प्लेटा-ग्लासांचा आवाज येतो, लोक बोलतायत, आणि हे तिघं असे वाजवतात की मात्रा कोणीच मोजून दाखवत नाही तरी तिघांनाही सम माहीत आहे. अकरा दिवसांनी लाफारो अपघातात गेला.

आपल्या बाजूचा या सगळ्याशी संबंध मी ओढूनताणून लावत नाही, पण जो खरा आहे तो सांगायला हवा. १९५८ मधे डेव्ह ब्रूबेकची चौकडी भारतात येऊन गेली, ड्रमवर जो मोरेलो. मद्रासला त्यांची गाठ पालघाट मणी अय्यरांच्या मृदंगाशी पडली, मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीशी. पुढच्या वर्षी त्यांचं पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह' आलं आणि पश्चिमेकडे त्याचं केवढं नवल झालं. झपताल ऐकत वाढलेल्याला पाचाचं अप्रूप नसतं, पण तिथे वाटणी तीन-दोन अशी आहे आणि आपल्या कानात दोन-तीन बसलेलं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना एक गोड ठेच लागते. मोरेलोचा त्यातला सोलो फार संयमाचा, मोकळ्या जागा ठेवून वाजवलेला. १९६८ मधे ड्रमर बडी रिच आणि अल्लारखाँसाहेबांचा एकत्र अल्बम आला. रिचच्या हातांचा वेग अफाट आहे, त्याबद्दल दुमत नाही, पण माझं मन तिथे रमत नाही, तो मला ऐकताना कमी आणि सांगताना जास्त दिसतो.

आणि त्रिलोक गुर्टू. शोभाताई गुर्टूंचा मुलगा, मुंबईत वाढलेला, आईच्या ठुमरीच्या सावलीत तबला शिकलेला. त्याचा सेट बघा एकदा, तो जमिनीलगत गुडघ्यावर बसून वाजवतो, नेहमीच्या ड्रमरसारखा स्टुलावर नाही. तबल्याचा माणूस ड्रमकडे आपल्या बैठकीने आला. स्टुलावर न बसताही ड्रमसेट वाजू शकतो हे त्याने दाखवून दिलं, आणि जॉन मॅकलॉफलिनबरोबरच्या त्रिकुटात ते किती भरीव वाजतं ते ऐकण्यासारखं आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात रॉय हेन्स गेला, ९९ वर्षांचा, लेस्टर यंग आणि पार्करपासून कोल्ट्रेन, चिक कोरियापर्यंत सगळ्यांबरोबर वाजवलेला, आणि महिनाभराने झाकीरभाई गेले. त्या दिवसांत मी सारखा 'संगम' लावत होतो. २००४ मधे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला चार्ल्स लॉइडने त्याचा दिवंगत मित्र, ड्रमर बिली हिगिन्स याच्या आठवणीत केलेली मैफल. सॅक्सोफोनवर लॉइड, तबल्यावर झाकीरभाई आणि ड्रमवर एरिक हार्लंड. बास नाही, गिटार नाही, म्हणजे पापा जो ज्यांच्या भरवशावर हलका झाला होता तसं कोणीच नाही. हार्लंड आणि झाकीरभाई दोघेही लय धरू शकतात, दोघेही सोडू शकतात, आणि कोण कधी काय करणार हे आधी ठरलेलं वाटत नाही. हार्लंडची काठी सिंबलवर चालायला लागली की झाकीरभाईंचा डग्गा बोलायला मोकळा होतो, मग झाकीरभाई ठेक्यावर येतात आणि हार्लंड निघतो. मी अजून त्यातला एकेक हात वेगळा काढून ऐकतोय, झाकीरभाईंचा डावा झालाय, उजवा व्हायचाय.